तिच्याएवढं वजन

"मॅडम, ह्यो मी न्हवं. माझं पोट ह्याच्यापेक्षा मोठं हाय," डोक्यावर घातलेल्या टोपाच्या आतून हर्षदचा आवाज आला आणि रांगेत उभी असलेली आठवीची तुकडी खिदळली.

सारिका मगदूमलाही हसू आलं. "मग बटण फिरव की. पोट तुझ्याएवढं झालं, की दाब."

हर्षदनं बटण फिरवलं. मान खाली घालून टोपाच्या पडद्यावर दिसणारं आपलं अंग नीट न्याहाळलं आणि समाधानानं बटण दाबलं. सारिकाच्या टॅबवर हिरवी रेघ उमटली. अंतर जवळजवळ शून्य. वर्गातला सगळ्यात जाड पोरगा आपल्या अंगाशी सुखानं नांदत होता.

यंत्राचं सरकारी नाव 'देहप्रतिमा मापक' असं होतं. मिरज तालुक्यातल्या पोरांनी त्याचा टोप करून टाकला, कारण तो दिसायचाही आमटीच्या टोपासारखा. गेली तीन वर्षं सारिका तो घेऊन शाळा पालथ्या घालत होती.

आपल्या मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा असतो. डोळे मिटूनही बोट बरोबर नाकाच्या शेंड्यावर जातं ते त्या नकाशामुळं. तो काढायला मेंदू तीन साक्षीदार बोलावतो: डोळे काय पाहतात, कातडीला काय जाणवतं, आणि स्नायू-सांध्यांना किती ताण पडतो. तिघांची साक्ष जुळवून मेंदू नकाशा काढतो आणि रोज खोडून दुरुस्त करतो. बारा ते सतरा या वयात शरीर इतक्या झपाट्यानं बदलतं, की नकाशा मागं पडतो. बहुतेकांचा तो वर्ष-दोन वर्षांत शरीराला गाठतो. काहींचा मात्र भलत्याच वाटेला लागतो. पुण्याच्या डॉ. देवयानी पाटणकर यांच्या गटानं हजारो मुलांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली होती. मूल पुढं निराशेत बुडेल का, जेवण सोडेल का, जिवाचं बरंवाईट करून घेईल का, हे नुसत्या वजनावरून कळत नाही, असं त्यांना दिसलं होतं. कळतं ते खरं शरीर आणि मनातलं शरीर यांच्यातल्या अंतरावरून.

टोप ते अंतर मोजायचा आणि कमीही करायचा. उपचाराला येणाऱ्या मुलाच्या अंगात एक जाकीट घालत. त्याच्या आत मऊ कुंचले असत. कुंचला दंडावरून फिरला, की पडद्यावरच्या दंडावरूनही त्याच क्षणी फिरे. डोळे आणि कातडी एकच साक्ष देतायत म्हटल्यावर मेंदू ती मानायचा. मग पडद्यावरचं शरीर दर बैठकीला खऱ्याच्या दिशेनं केसभर सरकवायचं. अट एकच: दर वेळी मुलानं आपल्या मनानं, 'ही मी' किंवा 'हा मी' म्हणून बटण दाबायला हवं. बारा बैठकांनंतर पोरं आरशापुढून हसत परत जायची. सारिकानं आपल्या हातानं अशी चाळीस मुलं परत आणली होती.

हर्षदच्या पाठीवर थाप मारून ती पुढच्या मुलीला बोलावणार, तोच फोन वाजला. कुंभार सर. सारिकाची मुलगी दुर्वा त्यांच्याकडं वेटलिफ्टिंग शिकत होती.

"ताई, दवाखान्याकडं या लौकर. मिस्बा पडली. बार डोक्यावर होता, नशीब बलवत्तर म्हणून मागं टाकला तिनं. पण शुद्ध न्हाई."

मिस्बा मुजावर म्हणजे दुर्वाची जिवलग मैत्रीण. दोघी दहावीत, दोघी एकाच बाकावर, दोघी एकाच तालमीत.

"आणि दुर्वा? ती बरी आहे ना?"

"हाय की. तिच्यापाशीच बसलीय. रडत न्हाई, काय न्हाई. सारखं एकच म्हणतीय, 'तिच्या तीनच बैठका राहिल्या होत्या.' आता तुम्हीच सांगा ताई, मी आज कुणाला बैठका घातल्याच न्हाईत!"

सरांना तालमीतल्या बैठका वाटल्या होत्या. सारिकाच्या घरात बैठक या शब्दाचा अर्थ वेगळा होता.

मुलांना वर्गात पाठवून तिनं टॅब उघडला. तपासणीचा टोप गावोगाव फिरायचा, पण उपचाराचा दुसरा टोप घरच्या पुढच्या खोलीत असायचा. शनिवार-रविवारी मुलं तिथं बैठकांना यायची. गर्दीच्या दिवसांत दुर्वा मदत करायची, कुंचले जुळवून द्यायची, आणि तेवढ्यासाठी सारिकानं तिला सांकेतिक क्रमांक सांगून ठेवला होता. तसं करायला बंदी होती. पण पोटच्या पोरीपासून काय लपवायचं, असं तिला वाटलं होतं.

यादीबाहेरच्या वापराची नोंद वेगळी राहते. ती सारिकानं कधी उघडली नव्हती, कारण यादीबाहेर कुणी असण्याचं कारणच नव्हतं. आज उघडली. दोनच ओळी होत्या. 'मि', दीड महिन्यात नऊ बैठका. 'दु', एकोणीस बैठका. आणि दोन्ही ओळींपुढं तिनं या यंत्रात कधीही न वापरलेला शब्द होता. रोज ती 'अंतर: उणे' निवडायची. इथं लिहिलं होतं, 'अंतर: अधिक'.

*

मिस्बाला अतिदक्षता विभागात घेतलं होतं. दारात तिची आई, शबानाभाभी, डॉ. शिरगुप्पेंच्या प्रश्नांना उत्तरं देत होती.

"कसल्या पावडरी घेत होती का? गोळ्या? अंगातलं पाणी कमी करणारं काही?"

"नाही हो डॉक्टर. हल्ली घरात जेवायची नाही, एवढंच. सारिकाताईंकडं जेवून आले म्हणायची."

सारिका जागीच थबकली. दुर्वा रोज घरी येऊन सांगायची, भाभींकडं जेवले.

"साखर फार खाली गेलीय," डॉक्टर आत वळून म्हणाल्या. "सिस्टर, ग्लुकोज लावा. जोरात सोडा."

उपचाराचं काम सुरू करण्याआधी सारिकाला पुण्यात प्रशिक्षण मिळालं होतं. त्यातली एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती. कित्येक आठवडे उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर ओतली, तर रक्तातले क्षार झपकन पेशींत ओढले जातात, आणि हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांना ती पोरगी आठवडेच्या आठवडे उपाशी आहे हे ठाऊक नव्हतं. ते इथं फक्त सारिकाला ठाऊक होतं. सांगायचं, तर का उपाशी आहे तेही सांगावं लागणार होतं. नोकरी जाणार, दुर्वाचं नाव येणार, आणि भाभी समोरच उभ्या होत्या.

"थांबा!" ती जवळजवळ ओरडलीच. "डॉक्टर, तिनं काही घेतलेलं नाही. दीड महिना ती धड जेवलेलीच नाही. माझ्या घरातल्या टोपानं तिला ती जाड आहे असं वाटायला लावलंय. माझ्या मुलीनं ते केलं. माझ्या क्रमांकानं."

डॉ. शिरगुप्पेंनी भराभर सूचना दिल्या. ग्लुकोज अगदी हळू. त्याआधी थायमिन. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ताबडतोब तपासायला पाठवा. हृदयाचा आलेख चालू ठेवा. दार बंद झालं.

बाहेर दोघी आया उरल्या. भाभी भांडतील, हात उगारतील, असं सारिकाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी तिला तुमच्याकडं अभ्यासाला पाठवत होते, ताई," भाभी म्हणाल्या, आणि तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसल्या.

*

दुर्वा जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. उकाड्यातही तिनं ढगळ ट्रॅकसूट गळ्यापर्यंत ओढला होता. सारिकानं तिचं मनगट हातात घेतलं आणि ती दचकली. चाळीस पोरांची अंगं तपासणाऱ्या बाईनं घरातल्या पोरीचा हात कित्येक दिवसांत हातात घेतला नव्हता.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या सुट्टीपासून."

"पण का गं?"

"खालच्या वजनगटात जागा होती, आई. वरच्या गटात माझ्यापुढं तिघीजणी. सर नुसतं बोलले होते, पण माझ्या डोक्यात बसलं. मी खाणं कमी करून बघितलं. भूक सहन व्हायची नाही. मग वाटलं, आपण जाड आहोत असं मनालाच वाटलं, तर जेवावंसंच वाटणार नाही. स्पर्धा झाली की परत उलट फिरवायचं. मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं."

"आणि मिस्बा?"

"ती म्हणाली, तू करतेस तर मी पण." दुर्वाची मान खाली गेली. "मीच बसवलं तिला."

तिनं पिशवीतून वही काढली. शेवटच्या पानावर तिचं ठसठशीत अक्षर होतं. 'दुर्वा, हे तूच लिहिलं आहेस. स्पर्धा संपेल त्या दिवशी तुला काहीही वाटलं, तरी चिन्ह उणे करायचं आणि बारा बैठका घ्यायच्या. तुला नको वाटेल. तरी घ्यायच्या. शपथ.' खाली सही, तारीख.

स्पर्धा होऊन अठरा दिवस झाले होते. दुर्वानं रौप्यपदक आणलं होतं आणि गल्लीत घरोघर पेढे वाटले होते. त्यातला एकही तिनं तोंडात टाकला नव्हता, हे सारिकाला आत्ता आठवलं.

"मग उलट का नाही फिरवलंस?"

दुर्वानं आईकडं असं पाहिलं, जणू तिनं काहीतरी पोरकट विचारलं होतं.

"ते लिहिलं तेव्हा मला माहीत नव्हतं ना."

"काय माहीत नव्हतं?"

"मी खरंच किती जाड आहे ते," दुर्वा शांतपणे म्हणाली.

पोरगी खोटं बोलत नव्हती, हट्टही करत नव्हती. जिनं शपथ घेतली होती ती दुर्वा आता उरलीच नव्हती. ज्या मनानं चिन्ह फिरवायचं, त्या मनालाच टोपानं फिरवून टाकलं होतं.

*

त्याच दुपारी डॉक्टरांनी दुर्वालाही दाखल करून घेतलं, आणि सारिकानं तिच्या खाटेजवळ बसून पुण्याला सविस्तर अहवाल पाठवला. स्वतःचं नाव, सांगितलेला क्रमांक, अठ्ठावीस बैठका. काही म्हणता काही लपवलं नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या गावातल्या हुशार पोरीला हेच सुचलं तर?

तासाभरात डॉ. पाटणकरांचा फोन आला. त्यांचा आवाज ओढलेला होता.

"'अधिक'ची सोय आम्ही संशोधनासाठी ठेवली होती. मोठ्या माणसांवर, एखाद-दुसरी बैठक, तेही त्यांच्या संमतीनं. यंत्र शाळांत गेलं तेव्हा ती काढायला हवी होती. राहून गेली. ही चूक तुमच्या एकटीची नाही, सारिका. पण आता चौकशी होईपर्यंत राज्यातले सगळे टोप बंद राहणार. उद्या अकराला आमचा माणूस येऊन तुमचे दोन्ही टोप घेऊन जाईल."

"मग माझ्या मुलीला कशानं परत आणू?"

"औषधं आहेत. मानसोपचार आहेत. टोपाच्या आधीही मुलं बरी होत होती. वेळ लागेल."

पण वेळच तर नव्हता. दुर्वा चमचाभर पेजही घेईना. नळी घातली तर उपटून काढायची. डॉक्टर म्हणाल्या, हृदयाचे ठोके मंदावलेत, असंच चाललं तर मी शब्द देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दुर्वाचे वडील आले. अजित एसटीचे चालक. सोलापूरची फेरी संपवून तसेच खाकी कपड्यांत घरी गेले होते आणि टॉवेलखाली झाकून टोप आणि जाकीट घेऊन आले होते.

"तिला म्हणावं, पुढची बैठक आहे. हसत बसेल," ते व्हरांड्यात सारिकाला म्हणाले. "आतून चिन्ह तेवढं उलट कर. केसभर नको, चांगलं सरकव. अकरा वाजायला तीन तास आहेत."

"तिला फसवून?"

"मेलेल्या पोरीपेक्षा फसलेली पोरगी बरी, सारिका!"

ती टोप घेऊन आत गेली.

टोप बघताच दुर्वाचा चेहरा उजळला. किती दिवसांनी ती हसली होती. तिनं आपल्याच हातानं जाकीट चढवलं, सलाईनची नळी सांभाळून बाही घातली. सारिकानं टॅब असा धरला, की तिला पडदा दिसू नये. उणे. सरकण्याचं माप सगळ्यात मोठं. आता फक्त 'सुरू' दाबायचं.

"आई, चिन्ह बघितलंस?" टोपातून घुमल्यासारखा आवाज आला.

"हं."

"मग झालं. मिस्बा पडल्यापासून मला कशाचाच भरवसा वाटत नाही गं. माझा पण नाही. तू बघितलंयस ना, मग मी दाबते डोळे झाकून."

सारिकाचं बोट तसंच अधांतरी राहिलं. या पोरीच्या डोक्यात एवढ्या पडझडीतही एक खांब उभा होता. तोच आपण आपल्या हातानं पाडायला निघालो होतो. आज फसली, तर उद्या आई 'जेव' म्हणाली तरी तिला वाटेल, हिनं कुठलं तरी चिन्ह फिरवलं असेल.

तिनं दोन्ही हातांनी टोप उचलून बाजूला ठेवला.

"दुर्वा, चिन्ह मी उणे केलं होतं. तुला न सांगता. मी तुला फसवणार होते."

पुढची पाच मिनिटं सारिकाला आयुष्यभर विसरता येणार नव्हती. दुर्वानं जाकीट ओरबाडून काढलं, सलाईनची सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं. "तुम्हा सगळ्यांना मी जाडच हवी आहे! जाडच हवी आहे!" परिचारिका धावत आल्या. अजित दारात उभे होते. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि निघून गेले.

अकराला पुण्याचा माणूस आला. त्यानं टोप खोक्यात घालून मोहोर लावली, दुसऱ्यासाठी पत्ता घेतला, सारिकाची सही घेतली आणि गेला.

*

कुंभार सर कालपासून दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. अवाढव्य देह, ढेरी, कुस्तीत मोडलेले कान. सारिका त्यांच्याशेजारी येऊन बसली तसे ते पुटपुटले, "जागा मोकळी हाय असं मीच बोललो. जीभ झडली असती तर बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "तिला काट्यावर उभं करून आकडा तरी दाखवा."

"आकडा तिला पाठ आहे, सर. ती म्हणते, आकडा खरा असेल, पण दिसतं ते दिसतं."

"काट्याचं सोडा मग. काट्यापेक्षा तिचा हात पक्का. मागं पोरींनी मस्करीत बारच्या एका अंगाला अर्धा किलो कमी लावला. हिनं बार नुसता हलवला आन् म्हणाली, डावीकडं कोण खाल्लं?"

सारिकानं झटकन मान वर केली. तीन साक्षीदार. डोळे, कातडी आणि ताण. टोपानं डोळ्यांना फितवलं, कुंचल्यांनी कातडीला फितवलं. तिसऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. वजन पेलणाऱ्या हातांची साक्ष अजून शाबूत असणार.

"सर, तालमीत वाळूच्या गोण्या आहेत ना?"

डॉ. शिरगुप्पेंनी आधी नकार दिला. मग अटी घातल्या: बसूनच, काही उचलायचं नाही, गोणी नुसती कलती करायची, आणि मी समोर हजर असणार. दुपारी चार वाजता व्यायामोपचाराच्या खोलीत पाच गोण्या ओळीनं मांडल्या गेल्या. दुर्वा आईशी बोलत नव्हती, बघतही नव्हती. सरांनी मात्र तिला अचूक डिवचलं.

"लई दिवस बार धरला न्हाईस. हात गेला असंल तुझा."

"हात नाही गेला," दुर्वा फणकारली.

"मग बांध डोळं आन् सांग."

तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. स्टुलावर बसून तिनं पहिल्या गोणीचा कान धरला आणि जराशी कलती केली. "वीस." दुसरी. "पंचवीस... नाही, चोवीस." सरांनी काटा दाखवला. चोवीस. डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. दुर्वाच्या चेहऱ्यावर तालमीतली जुनी ऐट क्षणभर चमकून गेली.

"आता ह्या तीन. यातली एक बरोबर तुझ्याएवढी हाय. कुठली?"

तिनं पहिली कलती केली. "ही नाही. ही हलकी आहे." दुसरी. थोडी थांबली. "ही पण नाही." तिसरी जेमतेम हलली. दुर्वानं दोन्ही हात लावले आणि म्हणाली, "ही. ही मी."

"नक्की?"

"नक्की."

सारिकानं ओढणी सोडली. सर खाली मांडी घालून बसले, म्हणजे त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला.

"पोरी, ही माझ्याएवढी हाय. ह्या ढेरीसकट. मधली तुझ्या आईएवढी. पहिली तू."

"खोटं आहे."

"मी खोटं बोलीन. तुझी आई बोलंल. तुझा हात कधी खोटं बोललाय?"

दुर्वा सरांच्या देहाकडं बघत राहिली, मग तिसऱ्या गोणीकडं. मग कुणी न सांगता तिनं स्वतःच डोळे मिटले आणि त्या तीनपैकी पहिल्या गोणीचा कान पुन्हा धरला. गोणी सहज कलली. तिनं ती सोडली, परत धरली, परत कलती केली. पाच वेळा, सहा वेळा. तिच्या कपाळावर आठी पडली.

"एवढीच?" ती म्हणाली. "एवढीशीच राहिलेय मी?"



दुर्वानं डोळे उघडले, आपल्या मांड्यांकडं पाहिलं, आणि चटका बसावा तशी आईकडं वळली. "आई, डोळे उघडले की परत तसंच दिसतंय! मला परत तसंच दिसतंय गं!"

ती भ्यायली होती. आणि सारिकाला कळलं, की ही भीती गेल्या कित्येक दिवसांतली पहिली चांगली खूण आहे. दिसणं आणि असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उमगल्याशिवाय ती भ्यायली नसती.

"मग मिट डोळे," ती म्हणाली. "जेवायला डोळे लागत नाहीत."

डॉक्टरांनी मापानं पेज मागवली. दुर्वानं एक हात आपल्याएवढ्या गोणीवर ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं. चार चमचे. पाचव्याला तिनं मान हलवली. डॉक्टर म्हणाल्या, आजच्याला एवढं पुष्कळ आहे.

*

त्यानंतरचे दिवस, आधी दवाखान्यात आणि मग घरी, सोपे नव्हते. कधी दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी दुर्वा ताट भिरकावून द्यायची. एका सकाळी तिनं गोणीतली वाळूच बदललीय म्हणून आकांत केला, तेव्हा अजितनी ती तिच्यासमोर काट्यावर ठेवून दाखवली. ते आता सुट्टी टाकून घरी होते. सारिकाशी पहिले काही दिवस ते बोलले नाहीत. मग एकदा पेज ढवळता ढवळता, "तू टोप काढलास ते बरं केलंस," एवढंच म्हणाले.

चौकशी झाली. 'अधिक' हा शब्द सगळ्या यंत्रांतून काढून टाकण्यात आला. सारिकाची नोकरी गेली. तिनं तक्रार केली नाही.

मिस्बा शुद्धीवर आली आणि बाराव्या दिवशी, धडधाकट नव्हे पण आपल्या पायांनी, घरी गेली. सारिका दोनदा मुजावरांच्या दारी जाऊन आली. दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

सातव्या आठवड्यात, एका दुपारी, दुर्वा जेवायला बसायच्या बेतात असताना पायऱ्यांवर पावलं वाजली. शबानाभाभी दारात उभ्या होत्या. हातात डबा, आणि मागं अंगावर ओढणी लपेटलेली मिस्बा.

"दुर्वानं हिला फोन केला होता म्हणे," भाभी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "गोणीचं, डोळे मिटायचं, सगळं सांगितलं. हिला पण तसंच जेवायचंय. एकटीला भीती वाटते म्हणती."

सारिका दारातून बाजूला झाली.

दोन्ही पोरी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. भाभींनी डब्यातली मऊ खिचडी दोन ताटल्यांत वाढली. "तू आधी मिट," मिस्बा म्हणाली. "नाही, एकदम," दुर्वा म्हणाली. "एक, दोन..." दोघींनी डोळे मिटले आणि चाचपडत पहिला घास उचलला. कुणाचा तरी चमचा ताटलीवर आपटला, आणि दोघी डोळे न उघडताच फसकन हसल्या.

दोघी आया ओट्याशी उभ्या होत्या. मग भाभींनी तिसरी ताटली ओढली, तिच्यात दोन चमचे खिचडी वाढली आणि सारिकाच्या हातात दिली.

"तुम्ही पण घ्या, ताई. किती वाळलाय."

सारिकानं घास घेतला. डोळे मात्र तिला मिटवेनात. समोर दोघी सावकाश चावत होत्या, आणि तिला त्यांचा एकेक घास बघायचा होता.